धाकली माय

इंदिराबाईंनी आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. नवऱ्याकडे पैठणी मागितली नाही, मुलीकडे मोबाईल मागितला नाही, दवाखान्यात असताना नर्सकडे जास्तीची उशीसुद्धा मागितली नाही. अशी बाई शहाऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा काही मागायला बसली, तर मागावं काय तिने? तेजश्री समोर बसून मेथी निवडत होती. आईने तिच्या हातातली जुडी काढून घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाली, "तेजू, आक्काला कुठे ठेवलंय ते मला शोधून दे."

तेजश्रीला वाटलं, आई बरळतेय. हृदयाच्या दुखण्यातून उठून आठवडा झाला होता, गोळ्यांची गुंगी असायची. पण आईचे डोळे लख्ख होते.

"कोण आक्का?"

"माझी बहीण. गोदावरी."

बावन्न वर्षांच्या तेजश्रीला आपल्याला एक मावशी होती हे त्या दिवशी कळलं. आता यावर रागवावं की रडावं? आईच्या माहेरचे सगळे मामा, माम्या, त्यांचं सोवळं, त्यांचे रुसवे तिला पाठ होते. पंचवटीतलं ते तीर्थोपाध्यांचं घर म्हणजे बोलण्यात कुणाला हार न जाणारं घर. आणि त्याच घराने एक अख्खी मुलगी तोंडातून बाहेर पडू दिली नव्हती.

आईने सांगितलं ते थोडंच होतं, पण ऐंशी वर्षं घोळवून घोळवून गुळगुळीत झालेलं होतं. पंचवटीत देवीची साथ आली होती. आई सहा वर्षांची, आक्का अकरा. अप्पांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, बायकोला आणि दोन्ही मुलींना बैलगाडीत घातलं आणि सिन्नरच्या बाजूला एका यजमानाच्या मळ्यात नेऊन ठेवलं. पण साथ गाडीतूनच बरोबर आली असावी. आधी आईच्या अंगावर फोड आले. डोळे चिकटले, पाणी गिळवेना. आक्का कडुनिंबाचा डहाळा घेऊन रात्रंदिवस वारा घालायची आणि इंदूने खाजवू नये म्हणून तिच्या खाटेच्या कडेला बसून सागरगोटे खेळायची. खेळणारी एकटी आक्का, पण डाव दोघींचे. "हा माझा, हा तुझा," म्हणत दोन्ही डाव तीच टाकायची. आई उठून बसली तेव्हा आक्का आडवी झाली. मग एका सकाळी आक्काची खाट रिकामी होती. सागरगोटेही नव्हते.

"मी आईला विचारलं, माझे गोटे कुठायत? तर तिने माझ्या थोबाडीत दिली. मग मला पोटाशी धरून इतकी रडली की मला श्वास घेता येईना." इंदिराबाई नकळत गालावर हात फिरवत होत्या. त्या गालांवर देवीचे व्रण अजून तसेच होते, खोल आणि दाट. त्या व्रणांपायी त्यांचं लग्न दोनदा मोडलं होतं. घरातल्या एकाही फोटोत त्या पुढच्या रांगेत नव्हत्या. तेजश्रीच्या लग्नातसुद्धा ऐन फोटोच्या वेळी बाईंना स्वयंपाकघरात काम निघालं होतं.

"घरी परत आलो तेव्हा आजी स्वयंपाकघरात कुणाला तरी सांगत होती, पोरीला अग्नीसुद्धा दिला नाही. बस, एवढंच. त्यानंतर घरात आक्काचं नाव कुणी काढलं नाही. माझं दुखणं तिने घेतलं, ते मी मनाशी कबूल केलंय. पण तिला कुठे टाकली, तेही मला ठाऊक नको? उद्या वर गेल्यावर भेटेल ती. विचारेल, इंदे, मला कुठे टाकून आलात गं? तर काय सांगू?"

तेजश्रीने उभी हयात बँकेत घालवलेली. हरवलेलं सापडतं, नीट शोधायला हवं, असा तिचा पक्का विश्वास. तिने दुसऱ्याच दिवशी मामेभावाला गाठलं.

आल्हाद तिच्याहून सहा वर्षांनी लहान. इंजिनिअर होऊन, पुण्यात नोकरी करून, शेवटी घरच्याच गादीवर येऊन बसलेला. रामकुंडावर त्याचा शब्द म्हणजे दाखला. कुठून तरी बेळगावकडचा माणूस बापाच्या अस्थी घेऊन यायचा, गावाचं नाव आणि आडनाव सांगायचा, आणि आल्हाद कपाटातून लाल कापडात बांधलेली वही काढून त्याला त्याच्या खापरपणजोबांची सही दाखवायचा. लोक डोळ्यांत पाणी आणून त्या सहीवरून बोट फिरवायचे. असा हा दुसऱ्यांच्या सात पिढ्या सांगणारा माणूस. पण आपल्या घरची वही उघडली तर दिव्याखाली अंधार! गोविंद, त्याचा नारायण, त्याचा गंगाधर म्हणजे अप्पा. मुलगे ओळीने. मुलगी एकही नाही.

"मुली लिहायची पद्धतच नव्हती, तेजूताई," आल्हाद ओशाळून म्हणाला. "त्या लग्न होऊन दुसऱ्याच्या वहीत जायच्या ना."

"आणि जी दुसऱ्याच्या वहीत जाण्याआधीच गेली, ती?"

आल्हादने वही मिटून कपाळाला लावली आणि तशीच धरून बसला.

नगरपालिकेच्या जुन्या नोंदी पाहून झाल्या. गोदावरीचं नाव तिथेही नव्हतं. पुण्याच्या मोठ्या मामेबहिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "अगं, कशाला जुनी मढी उकरतेस?" तेजश्रीने फोन ठेवला आणि तिच्याशी दिवाळीपर्यंत बोलायचं नाही असं ठरवून टाकलं. राहता राहिली आईची आठवण. एक बसलेल्या बैलासारखा डोंगर. एक विहीर, तिचं पाणी मचूळ. आणि कडुनिंब, भरपूर. आल्हादने सिन्नरकडची त्यांच्या यजमानांची गावं काढली आणि वैशाखातल्या रविवारी दोघं गाडी घेऊन निघू लागले.

चार-पाच गावं झाली. कुठे डोंगर होता तर विहीर गोड्या पाण्याची होती. कुठे विहीर बुजवून वर पाण्याची टाकी बांधली होती. मग एका रविवारी निंबदरा नावाच्या गावाच्या वळणावर तेजश्रीने आल्हादचा दंड धरला. समोर डोंगर होता, आणि त्याला वशिंड होतं, मान होती, पुढे दुमडलेले पायसुद्धा होते. रवंथ करत बसलेला बैल म्हणा ना!

पारावर पाच-सहा माणसं बसली होती. गुरुजी आले म्हणून त्यांनी जागा करून दिली, पाणी दिलं. पाणी मचूळ होतं. तेजश्रीने पेला खाली ठेवला. तिने सगळं नीट, क्रमाने विचारलं: फार जुनी गोष्ट, ब्राह्मणाच्या घरची मुलगी, अकरा वर्षांची, इथे कुणाच्या मळ्यात वारली होती. तिची कुठे समाधी, काही खूण?

"बामनाची पोर? हितं वारली?" एक म्हातारा म्हणाला. "नाय बा. आमच्या स्मशानात बामनाचं कुनी जळालं नाय कधी. असतं तर म्हाईत असतं." दुसऱ्याने त्यांना स्मशानात नेऊन दाखवलंसुद्धा. पत्र्याची शेड, दोन लोखंडी कठडे, बाजूला लहान मुलांना पुरायची जागा. तिथल्या सगळ्या पोरांची नावं त्याला माहीत होती. त्यात गोदावरी नव्हती.

परतताना मळ्यांच्या वाटेने गाडी काढली. बांधावर एक थोरला कडुनिंब होता, त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला गुडघ्याएवढा धोंडा, वर हिरवं कापड. आल्हादने सवयीने गाडी हळू केली. दोघांनी बसल्या जागेवरून हात जोडले, छातीला लावले आणि पुढे गेले. हायवेवर मिसळ खाल्ली. मिसळ बरी होती.

"डोंगर सापडला, आई," घरी येऊन तेजश्रीने सांगितलं. "आक्का नाही सापडली."

इंदिराबाईंनी ऐकून घेतलं. "म्हणजे टाकलीच असणार कुठेतरी ओढ्याबिढ्यात," त्या शांतपणे म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. जेवण मात्र निम्म्यावर आलं. तेजश्रीला आपलाच संताप यायचा. बँकेत लोकांचा पै-पैचा ताळा लावून दिला होता तिने, आणि आईला हवा असलेला एक माणूस सापडत नव्हता.

श्रावण लागला. सप्तमीच्या सकाळी तेजश्री चहासाठी लायटर शोधत होती, तर लायटर जागेवर नव्हता. काड्यापेटीही नव्हती. इंदिराबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पहारेकऱ्यासारख्या बसल्या होत्या, आणि लायटर त्यांच्या ओच्यात होता.

"आज शीतळा सप्तमी आहे. गॅस पेटवायचा नाही. रात्रीचा दहीभात आहे, तो खा."

"आई, एक कप चहा! त्या देवीला कळणारसुद्धा नाही."

"कळतं. ती आज गारव्यासाठी घराघरांतल्या चुलींत येऊन लोळते. अंगाची लाही झालेली असते तिच्या. विस्तव असला तर पोळते बिचारी." हे त्यांनी नेहमीच्या पोथीच्या सुरात सांगितलं आणि पुढे आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आमच्याकडे तर आजच्या दिवशी अप्पा घरातच नसायचे. पहाटे आईने बांधून दिलेला दहीभात घ्यायचे आणि यजमानाकडे म्हणून जायचे. मी म्हणायची, सणासुदीला काय मेलं यजमानाकडे! मलाही न्या. कधी नेलं नाही."

तेजश्री चहाचं भांडं हातात धरून उभी राहिली.

"दरवर्षी जायचे? आजच्याच दिवशी?"

"गेले त्या वर्षापर्यंत."

विस्तव असला तर पोळते. तेजश्रीने ते वाक्य लहानपणापासून दर श्रावणात ऐकलं होतं आणि दर श्रावणात कंटाळा करून सोडून दिलं होतं. आज ते तिच्या अंगावर आलं. ज्या मुलीच्या अंगात देवी आली, त्या मुलीला चितेवर कोण ठेवील? कोणाची छाती होईल? पोरीला अग्नीसुद्धा दिला नाही. आई त्या वाक्याने ऐंशी वर्षं भाजत राहिली होती, आणि ते वाक्य तर एका जिवाला चटका बसू नये म्हणून घेतलेल्या काळजीचं होतं.

तिने आल्हादला फोन लावला. तो रामकुंडावर होता, मागे मंत्रांचा आवाज येत होता. तेजश्रीने घाईघाईने सगळं सांगितलं. "आपण स्मशानात शोधत होतो, आल्हाद. देवीला कुणी स्मशानात ठेवतं का?"

आल्हाद हलक्या आवाजात म्हणाला, "तेजूताई... आपण हात जोडले गं त्या दिवशी. गाडीत बसून."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कळशाच्या शेजारून गेलो, त्याला नमस्कार केला आणि मिसळ खायला गेलो.

डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हटलं होतं. इंदिराबाईंना त्याची आठवण करून दिली तेव्हा त्यांनी लायटर मुलीच्या हातात ठेवला आणि चपला शोधायला लागल्या. डब्यात दहीभात भरला. आल्हाद घाटावरची कामं उरकून गाडी घेऊन येईपर्यंत दुपार झाली. नाशिकच्या द्वारका चौकात गाडी अडकली ती अडकलीच. आल्हाद स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. तेजश्री मनातल्या मनात समोरच्या ट्रकवाल्याच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार करत होती. मागच्या सीटवर इंदिराबाई डबा मांडीवर धरून अगदी निवांत बसल्या होत्या. कधी काळी बैलगाडीतून गेलेल्या बाईला पंधरा मिनिटांच्या जॅमचं काय!

निंबदऱ्याला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गावातून जाताना आल्हादच्या ते आधी लक्षात आलं. कुठे धूर नव्हता. हॉटेलाची भट्टी थंड होती, चहाच्या टपरीवर फळी टाकलेली होती. अख्खं गाव विझवून ठेवलं होतं. आणि बांधावरच्या कडुनिंबाखाली बायकाच बायका होत्या. पाण्याचे तांबे, स्टीलचे डबे, केळीच्या पानांवर दहीभात. शेंदराच्या धोंड्यावर थंड पाण्याची धार चालली होती. झाडापलीकडे परकरी पोरींपासून जीन्सवाल्या कॉलेजकन्यांपर्यंत सगळ्या गोल करून बसल्या होत्या आणि मध्ये काहीतरी टपटप वाजत होतं.

तेजश्री आईचा हात धरून बांधावरून हळूहळू निघाली. बायका बाजूला सरल्या. एक पंचाहत्तरीची, नऊवारी नेसलेली, ताठ पाठीची म्हातारी पुढे आली. कुसाबाई तिचं नाव, मळा तिच्याच घरचा. ती "या, माय," म्हणाली आणि तिचे पुढचे शब्द तोंडातच राहिले. ती इंदिराबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. इंदिराबाईंनी सवयीने मान वळवली, पदर गालावर ओढला. कुसाबाईने हात लांब केला आणि तो पदर अलगद बाजूला केला. मग ती वाकली आणि तिने इंदिराबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अहो, हे काय! उठा, उठा..."

"तुमच्या तोंडावं मायची बोटं हायेत," कुसाबाई म्हणाली. "मपल्या सासूच्या तोंडावं व्हती. ती गेली तवापून गावात अशी खून ऱ्हायली नाय. या पोरींनी तर पाह्यलीबी नाय."

आणि एकेक बाई पुढे येऊन वाकायला लागली. सुना, सासवा, कडेवर मूल घेतलेल्या लेकी. ज्या चेहऱ्याला आरसासुद्धा जपून दाखवावा लागायचा, त्या चेहऱ्यासमोर रांग लागली होती. एकीने आपल्या तान्ह्या मुलाचा हात धरून त्या व्रणांना लावला. इंदिराबाई पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. त्यांनी पदर पुन्हा ओढला नाही. तेजश्री मात्र ढसाढसा रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

आल्हादने घसा साफ केला. "मावशी, ही देवी इथे कधीपासून?"

"धाकली माय? गावात येशीजवळ थोरली हाय, ती पुरानी. ही धाकली. मपला सासरा गेणू, त्यो तरणा व्हता तवा आली."

"आली म्हणजे?"

"गंगेवरच्या भटजीची पोर व्हती. नाशकातून आली व्हती मळ्यात ऱ्हायला. तिच्या अंगात देवी उतरली." कुसाबाई सांगत होती, आणि बाकीच्या बायका हे दरवर्षी ऐकत असूनही पुन्हा गप्प होऊन ऐकत होत्या. "भटजी म्हनले, अग्नी द्यावा लागंल. मपली आजेसासू त्या पोरीच्या अंगावं आडवी पडली. म्हनली, आधीच देह सगळा पोळलाय, मायला आजून चटका नगं. मला जाळा आधी. भटजी लय रडले. मंग म्हनले, तुमी म्हनाल तसं. सासऱ्यानी खड्डा खनला, खाली कडूनिंबाचा पाला हातरला, दह्यानी आंग निववलं आन् बसती ठिवली. त्या सालापून गावात देवीनी येक पोर नेलं नाय. भटजी दर सातीला यायचे दहीभात घिऊन. थकले तरी यायचे. मंग यायचे ऱ्हायले."

"मावशी," तेजश्री कशीबशी म्हणाली, "आम्ही वैशाखात आलो होतो. पारावर विचारलं होतं मी. कुणीच कसं सांगितलं नाही?"

"काय इचारलं व्हतं?"

"ब्राह्मणाची मुलगी इथे वारली होती का."

कुसाबाईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत ना टोमणा होता ना राग. नवल होतं नुसतं. "वारली? ती कुठं वारली, ताई? ती तर हितं बसली."

वारा पडला होता. धोंड्यावरून निथळणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. पंचवटीतल्या त्या बोलक्या घराने जिला चार भिंतींत पुरून टाकलं, तिच्यासाठी इथे दरवर्षी एक गाव आपली चूल विझवत होतं. पोटच्या पोरीला कुणी एवढं जपत नाही. तेजश्रीला वाटलं, आपण फार लहान आहोत, आपल्या वह्या, नोंदी, ताळे सगळं फार लहान आहे, आणि असं लहान वाटण्यात तिला केवढं तरी सुख झालं.

इंदिराबाईंना धोंड्याजवळ पाटावर बसवलं. त्यांनी डब्यातला दहीभात पानावर वाढला, अगदी हाताने कालवून, लहान मुलाला देतात तसा मऊ. मग नमस्काराला वाकल्या आणि थबकल्या. धोंड्याच्या पायथ्याशी करड्या रंगाच्या गुळगुळीत बियांचा ढीग होता. काही ताज्या, काही इतक्या जुन्या की काळ्या पडलेल्या.

"हे कुणी ठेवले?"

"सागरगोटे व्हय? मायला बांगड्या, खन काय लागत नाय," कुसाबाई म्हणाली. "सागरगोटेच लागत्यात. साती आली की पोरी हुडकून आनत्यात आन् तिच्यासंगं खेळत्यात. येक डाव पोरींचा, येक डाव मायचा. मायचा डाव कुनी टाकीत नाय, तेवढा येळ गप बसायचं."

"पण सागरगोटेच का?"

"तिला ठिवली तवा तिच्या मुठीत व्हते म्हनं. घट धरले व्हते. तिची आई म्हनली, काढू नगा. तिच्या भनीचे हायेत, खेळता खेळता निजली ती."

इंदिराबाईंचा हात आपल्या गालाकडे गेला, जिथे ऐंशी वर्षांपूर्वी आईची थप्पड बसली होती, आणि तिथेच राहिला. मग त्या उठल्या. तेजश्रीने आधाराला हात दिला तो त्यांनी घेतला नाही. झाडापलीकडे पोरींच्या गोलापाशी जाऊन त्या मांडी घालून खाली बसल्या. डॉक्टरांनी मांडी घालू नका असंही सांगितलं होतं.

"मला घ्याल का गं?"

पोरी खिदळल्या, सरकल्या. कुसाबाईची पणती सृष्टी, बेरकी डोळ्यांची, तिने पाच सागरगोटे आजीच्या हातात दिले. "आजी, झेलता येतंय का?"

"बघ तर."

सांधे धरलेल्या बोटांनी इंदिराबाईंनी एक गोटा वर फेकला, खालचा उचलला, वरचा झेलला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या खेपेला गोटा बोटांतून निसटून गवतात गेला.

"गेला तुमचा!" सृष्टी म्हणाली. "आता मायचा डाव."

पोरींनी पाचही गोटे गोलाच्या मध्ये ठेवले आणि हात मांडीवर घेतले. कुणी हललं नाही. जीन्सवाल्यांनीही मोबाईल पालथे घातले. झाडाखालच्या बायका बोलायच्या थांबल्या. आल्हादने हात जोडले, या वेळी उभा राहून. तेजश्री आईकडे बघत होती. आई समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत होती, आणि तिच्या त्या व्रणांनी भरलेल्या चेहऱ्यावर सहा वर्षांच्या मुलीचं, आपली पाळी कधी येते म्हणून वाट बघणारं हसू होतं.

मग पोरींनी श्वास सोडला आणि पुन्हा गलका झाला.

निघताना, एव्हाना सगळं ओळखून चुकलेल्या कुसाबाईने पायथ्याच्या ढिगातले पाच जुने गोटे वेचले, पदराला पुसले आणि इंदिराबाईंच्या ओंजळीत घातले. "तुमचेच व्हते ना, माय? घिऊन जा."

इंदिराबाईंनी ते कुरवाळले, एकेक करून अंगठ्याने चाचपले. तेजश्रीला वाटलं, आता आई ते पदरात बांधणार. पण त्या वाकल्या आणि त्यांनी पाचही गोटे होते तिथे ठेवून दिले.

"राहू देत तिच्याकडे," त्या म्हणाल्या. "डाव तिचा चालू आहे."